कार्ड क्रमांक दोनशे बारा

लिंडक्विस्टबाई दर सोमवारी वीस शब्द देतात.
वीस कोरी कार्डं, एक रबरबँड.
पुढे शब्द, मागे अर्थ,
अर्थाखाली स्वतःचं एक वाक्य.
"पुस्तकातून उचललेलं चालणार नाही. मला कळतं."

शब्द असे, की मिनेसोटाच्या या टोकाला
ते कुणी तोंडातूनही काढत नाही.
पेट्रोलपंपावरचा डेल, बर्फ उपसणारे,
चर्चच्या पायरीवर मीठ टाकणाऱ्या म्हाताऱ्या,
सगळ्यांचं 'यू बेट' आणि 'नॉट टू बॅड'वर भागतं.
मग टॅसिटर्न कुणासाठी?
"कॉलेजसाठी," बाई म्हणाल्या.

मी कार्डं घरभर लावली.
टॅसिटर्न बाबांच्या खुर्चीला.
थाई सरहद्दीवरच्या छावणीतून आल्यापासून
ते मोजकंच बोलतात.
त्यांनी कार्ड पाहिलं. काही म्हणाले नाहीत.
पंजंट आंबवलेल्या मासळीच्या बरणीला
(बाईंच्या यादीत तिथे कांदा होता).
इफेमेरल कुठे चिकटवावं सुचेना;
शेवटी खिडकीच्या काचेवर, जिथे धाकटा एह टू
श्वासाने धुकं करून
बोटाने डुकरं काढतो.

आई रात्री अडीचला येते, अंगाला ब्लीचचा वास.
कारखान्यात पट्ट्यावरून मांस सरकत येतं,
आठ तास एकच काप, डावीकडून उजवीकडे.
फ्रिजवरचं कार्ड ती हातात घेते,
उलटं धरते, निरखते.
"याला तासाला किती मिळतात?"

फेब्रुवारीत तिचं मधलं बोट मिटलं
ते उघडेना.

मंगळवारी शाळा बुडवून मी दुभाषी झाले.
टेबलावर दोन पानं, एक पेन,
आणि हसरा माणूस, टायवर छोटी छोटी बदकं.
"नुसती औपचारिकता, आईला सांग.
सही झाली की आजच चेक."

पहिलं पान मी करेनमध्ये सांगून टाकलं,
नाव, तारीख, कुठला हात.
दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत
तो उभा होता.
रेलिंक्विश.
कार्ड क्रमांक दोनशे बारा.
लक्षात राहिला, कारण लिंडक्विस्टबाईंच्या आडनावाचा
तो लांबचा भाऊ वाटला होता मला.
मागे माझंच अक्षर: सोडून देणे. हक्क, पकड, जागा.
वाक्य: राजाने राज्य सोडलं.
कुठला राजा, मलाही ठाऊक नव्हतं.

आईने पेन मुठीत धरलं होतं.
मी तिच्या मनगटावर हात ठेवला.
थांब. यात लिहिलंय,
की या हाताबद्दल तू पुन्हा काही मागणार नाहीस.
कधीच.

ती माणसाकडे बघत राहिली. मग बदकांकडे.
मग डाव्या हाताने
उजव्या हाताचं एकेक बोट सोडवत,
जसं बाळाच्या मुठीतून काही काढून घ्यावं,
तिने पेन टेबलावर ठेवलं.
चेकही तिथेच राहिला.

परतताना गाडीचा हीटर बंद होता.
"तो शब्द पुन्हा म्हण," आई म्हणाली.
मी म्हटला. तिने म्हणून पाहिला,
'क्वि'पाशी अडखळली, पुन्हा मागे गेली.
बाबांनीही, समोर बघत, हळूच म्हटला.
सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.
मागच्या ट्रकने भोंगा दिला नाही,
इथली माणसं देत नाहीत.

शुक्रवारी उजळणीची चाचणी.
सतराव्या प्रश्नाला मी लिहिलं:
माझ्या आईने रेलिंक्विश केलं नाही.

पेपर परत आला. अर्धा गुण कापलेला,
शेजारी लाल शाईत बाईंचं नीटस अक्षर:
"क्रियापद सकर्मक आहे. कर्म कुठे?"

समासात दोन बोटं जागा होती.
तेवढ्यात मावलं नसतं.